माझ्या पोटात अडकलेली हरकत

मित्रांनो, नगरपालिकेच्या दारातली जुनी लाकडी पेटी ती मीच. माझ्या कपाळावर 'हरकती व सूचना' असं रंगवलं होतं. आता फक्त 'हरकती' वाचता येतं. सूचना केव्हाच पुसल्या गेल्या.

ज्या सुताराने मला बनवलं, त्याने बाहेरून रंधा छान फिरवला. आत मात्र दोन फळ्या जोडताना बोटभर कंगोरा तसाच राहिला. "आत कोण बघतंय?" असं म्हणून त्याने झाकण ठोकलं.

गावाचा नियम एका दिवसात होत नाही. आधी त्याचा मसुदा फलकावर लागतो. मग तीस दिवस ज्याला जे खटकेल ते त्याने लिहून माझ्यात टाकायचं. सभेत ते वाचतात, सभासद हात वर करतात, आणि नगराध्यक्षबाईंची सही झाली की नियम लागू. त्यानंतर कितीही बोंब मारा, उपयोग नाही. आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही, असं वाटून मी तेव्हा फुगून गेले होते.

मला रिकामं करायचे ते कारकून. त्यांना सगळे घाईबाबू म्हणत. शेवटच्या दिवशी ते मला उलटं करत, बुडावर दोन थपडा मारत. खाली पडेल ती हरकत. आत हात घालायची पद्धतच नव्हती.

यंदा बाजारातलं कापडाचं दुकान जळालं. अख्खं गाव धास्तावलं. लगेच मसुदा लागला : बाजाराच्या गल्लीत विस्तव पेटवायला सक्त मनाई.

त्याच गल्लीत, एका जिन्याखाली, इस्त्रीवाली मावशी बावीस वर्षं कोळशाच्या इस्त्रीवर गावाचे कपडे कडक करत आली होती. हा नियम झाला की तिची चूल बंद. लेकीकडून लिहून घेतलेला कागद तिने माझ्यात टाकला आणि शिपायाला विचारलं, "पडला ना हो नीट?"

"पडला की! पेटी काय कागद खाते?"

दोघं हसली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. कागद खाली पोचलाच नव्हता. तो कंगोऱ्यावर जाऊन आडवा बसला होता.

पुढचे नऊ दिवस मी जीव मुठीत धरून काढले. कोणीतरी मला धक्का द्यावा, दार जोरात आपटावं, काहीतरी व्हावं! काही झालं नाही. शेवटच्या दिवशी घाईबाबूंनी मला उलटं केलं. थप. थप. "निरंक," ते म्हणाले आणि तसंच लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सभा होती. समोरच्या दालनातला शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"एकही हरकत नाही, म्हणजे गाव खूश आहे," सोनेरी चष्मेवाले सभासद म्हणाले. "चला, करा हात वर."

मागच्या बाकावरून मावशी उठली. "अहो बाई, मी टाकलीय हरकत!"

"मावशी, सभेत लोकांनी बोलायचं नसतं," घाईबाबू खेकसले.

"मग काय तुमची पेटी बोलणार आहे?"

नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "आणा ती पेटी."

मला टेबलावर उलटं केलं. थप. थप. धूळ पडली, बस्स.

"घडी घालून घरीच ठेवली असेल," चष्मेवाले म्हणाले. सगळे हसले. मावशीचा चेहरा पडला. आता सगळे तिला खोटारडी ठरवणार! मला दरदरून घाम फुटला असता, पण लाकडाला तीही सोय नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबू, कपडा झटकून खिशातलं कळत नाही. मी प्रत्येक खिशात हात घालून बघते, मगच इस्त्री फिरवते. घाला हात."

घाईबाबूंनी कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर दोन कागद काढले.

एक मावशीचा. दुसरा पिवळा पडलेला, माझ्याही विस्मरणात गेलेला. तो बाईंनी मोठ्याने वाचला : 'बागेचं मागचं दार बंद करू नये. मला वळसा घालून चालवत नाही.' ते दार बंद करून आठ वर्षं झाली होती.

"कोण हे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या शेजारचे आजोबा," मावशी हळूच म्हणाली. "गेले ते."

मग कोणी हसलं नाही.

मावशीने लिहिलं होतं : 'आगीची भीती मलाही आहे. म्हणून मी खाली पत्रा घालते, शेजारी वाळूची बादली ठेवते. नियम करा, पण धंदा मारू नका.' तासभर वाद झाला. शेवटी 'पत्रा आणि वाळू असल्यास परवानगी' अशी दुरुस्ती मताला आली. मी एकेक हात मोजत होते. बाजूने सात, विरुद्ध सहा. बाईंनी सही केली. मावशी बाकावर मटकन बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

माझा कंगोरा तासायला सुताराला बोलवायचं ठरलंय. अजून तो आलेला नाही. घाईबाबू आता हात घालतात, पण ते रजेवर गेले की मला पुन्हा धास्ती वाटते.

म्हणून मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा एक कराल? कागद टाकून घरी स्वस्थ बसू नका. सभेला या, मागच्या बाकावर बसा, आणि तुमचा कागद वाचला जातोय ना, ते कान देऊन ऐका. नाही वाचला तर उभे राहा.

मला ओरडता येत नाही हो.