श्रीनिवासरावांची मंडई

शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीत भाजीतलं कळतं ते फक्त श्रीनिवासरावांना, याबद्दल दुमत नव्हतं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन पायी मंडईत जात, आणि घरबसल्या भाजी मागवणाऱ्या शेजाऱ्यांना जिन्यात गाठून विचारत, "काय हो, आज भेंडीचा फोटो कसा निघालाय?"

अशा माणसाचा गुडघा दिवाळीनंतर दुखू लागला. घरी सांगितलं असतं तर मंडई त्याच दिवशी बंद झाली असती, आणि मग शेजारी एकेक करून जिन्यात चौकशीला उभे राहिले असते. त्या चौकशीचा सूर कसा असेल, हे श्रीनिवासरावांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांनीच लावलेला होता.

म्हणून त्यांनी मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या मुलीला, तनयाला, सहज विचारल्यासारखं विचारलं, "बँकेचं काही काम केलं, तर हॉलमधल्या कॉम्प्युटरने ते लक्षात ठेवू नये अशी सोय असते का गं? तिघं वापरतो आपण, म्हणून म्हटलं."

"प्रायव्हेट विंडो उघड. काळी असते. काम झालं की बंद कर, म्हणजे मागे काही राहत नाही. अर्थात आपल्या कॉम्प्युटरवर. तू काय केलंस ते बँकेला कळतंच."

"बँकेला कळायलाच हवं," श्रीनिवासराव म्हणाले.

तेव्हापासून दुपारी त्यांच्या पत्नी हेमाताई आडव्या झाल्या, की ते काळी खिडकी उघडून उद्याची भाजी मागवत. सूचनेच्या रकान्यात लिहीत, 'बेल वाजवू नये. वॉचमन बजरंग यांच्याकडे द्यावे. विषय वाढवू नये.' मग कोपऱ्यातली आडवी रेघ दाबत आणि खिडकी नाहीशी होई. पहिल्या दिवसानंतर पासवर्ड पुन्हा कधी विचारला गेला नाही, हे त्यांना सोयीचंच वाटलं.

सकाळी ते पार्किंगमध्ये बजरंगच्या खुर्चीवर बसून राहत. पुडकं आलं की दुधीवरचं लेबल नखाने खरवडत, भाजी कापडी पिशवीत भरत आणि लिफ्टने वर जाऊन दारात दोन मोठे श्वास घेत.

"काय म्हणत होत्या बायडाबाई?" मेथी निवडताना हेमाताई विचारत.

"जुडी सोडायलाच तयार नव्हती. म्हटलं, बाई, ही मेथी आहे की कुंडीत लावायचं गवत?"

दिवाळीनंतर बायडाबाईंची गाठ पडलेली नव्हती, पण त्यांचे संवाद दिवसेंदिवस रंगत चालले होते.

मग काहीतरी बिनसलं. एके दिवशी मागवलेलं पडवळ आलंच नाही, त्याच्या जागी दोडका आला. हेमाताईंना पडवळ आवडत नसे. पुढे एकदा हेमाताई संध्याकाळी म्हणाल्या, "लिंबं संपलीत." भाजी तर दुपारीच मागवून झाली होती. तरीही सकाळी पिशवीत लिंबं होती.

श्रीनिवासराव अस्वस्थ झाले. त्यांनी तनयाला बाजूला घेतलं. "हा कॉम्प्युटर आपलं बोलणं ऐकतो का?"

"पुरावा काय?"

"समजा, घरात कुणी लिंबांचं नाव काढलं आणि सकाळी लिंबं हजर."

"कुठे हजर?"

"मंडईत."

"बाबा, मंडईत लिंबं असतातच."

त्या आठवड्यातच बजरंगने दिलेल्या पुडक्यात गवार आणि टोमॅटोच्या खाली एक खोकं निघालं. खोक्यात गुडघ्याला घालायचा पट्टा होता.

श्रीनिवासराव बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिले. दुखणं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कॉम्प्युटरलासुद्धा. शेवटी खोकं पिशवीच्या तळाशी घालून ते वर गेले. पण पिशवी रिकामी करण्याचं काम हेमाताईंचं होतं, आणि त्यांनी ते केलं.

"मंडईत हल्ली गुडघ्याचे पट्टेही मिळतात वाटतं," त्या म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी एक टोमॅटो उचलून निरखला. "मिळतात. बायडाबाईंच्या शेजारी एक जण बसतो."

"माप बघून घ्या. नाही बसलं तर परत घेईल तो. सात दिवसांच्या आत."

तनयाला चहाचा ठसका लागला.

दुपारी ती वडिलांजवळ खुर्ची ओढून बसली. "एक सर्वसाधारण माहिती सांगते. आडव्या रेघेने विंडो बंद होत नाही. खालच्या पट्टीवर जाऊन बसते. कुणीही टिचकी मारली की होती तशी वर येते, आणि दिलेल्या ऑर्डरमध्ये फेरफारही करता येतात. बंद करायची तर फुली दाबायची."

"मग कुणालाच दिसणार नाही?"

"घरात कुणालाच नाही. दुकानाला दिसेल. आणि बजरंगला."

ती आत गेली. श्रीनिवासरावांच्या पँटच्या आत पट्टा चांगला घट्ट बसला होता. आतल्या खोलीत हेमाताई डोळे मिटून पडल्या होत्या; झोपल्या असतीलच असं नाही. श्रीनिवासरावांनी उद्यासाठी दोडका मागवला आणि माउसचा बाण फुलीपर्यंत नेला. तिथे तो जरा थांबला.

लिंबं घालायची राहिली होती. त्यांनी आडवी रेघ दाबली आणि ते पेपर वाचायला बाल्कनीत गेले.