पल्जोरने जावं की राहावं

धुकं खिंडीतून उतरून मठाच्या वादाच्या अंगणात शिरलं, तेव्हा रिगझिन उभा होता आणि पल्जोर त्याच्यासमोर फरशीवर बसला होता. आजूबाजूला वाद घालणाऱ्या बाकीच्या भिक्खूंच्या जोड्या होत्या, पण आता नुसते लाल ठिपके दिसत होते. टाळ्या मात्र ऐकू येत होत्या. एक टाळी इथे वाजायची आणि मग जरा वेळाने, आठवण झाल्यासारखी, डोंगरात.

पल्जोरच्या बापाचे डोळे गेले होते. उद्या मिठाचे व्यापारी याक घेऊन खाली निघणार, त्यांच्यासोबत पल्जोरही निघणार. लाल वस्त्र उतरवून बार्लीचं शेत बघणार. कायमचं.

"वादात हरव मला," तो सकाळी म्हणाला होता. "हरलो तर राहतो. भाऊ बघेल बापाला."

अख्ख्या मठात रिगझिनला वादात कोणी हरवलं नव्हतं. आणि अख्ख्या मठात त्याला दुसरा मित्रही नव्हता.

उभा असलेला टाळी वाजवून कारण देतो. बसलेल्याने फार बोलायचं नसतं. 'मान्य' म्हणायचं, किंवा 'कशावरून?', नाहीतर 'व्याप्ती नाही'. म्हणजे तुझं कारण खरं असेल बाबा, पण तू म्हणतोस ते त्यातून निघत नाही.

रिगझिनने डावा पाय आपटून टाळी दिली. "तू राहायला हवंस. कारण मोठे गुरुजी तसं म्हणाले."

"व्याप्ती नाही. मोठे गुरुजी म्हणाले होते यंदा बर्फ कमी पडेल. छपरावरचा बर्फ कोणी उपसला, विसरलास?"

"तू गेलास की दुसरा जाईल, मग तिसरा, मग मठ ओस पडेल, दिवे विझतील—"

"कशावरून? मी काय मेंढ्यांचा म्होरक्या आहे?"

"मग मी कोणाशी भांडू, सांग ना!"

हे तोंडातून कसं निघालं त्यालाच कळलं नाही. पल्जोर हसला, मग हसायचा थांबला.

"हे कारण आहे का रे? धूर दाखव, मी आग मानतो. तू मला धुकं दाखवतोयस."

रिगझिनला ते माहीत होतं. असली कारणं देणाऱ्या कितीजणांना त्याने स्वतः रडवलं होतं. धुकं आणखी दाटलं. बाकीचे ठिपकेही गेले. अंगण जमिनीवरून सुटलंय आणि त्या दोघांना घेऊन कुठेतरी हळूहळू वाहत चाललंय, असं त्याला वाटलं. असंच वाहत राहिलं तर उद्या उजाडणारच नाही.

त्याने टाळी दिली. "तू मला विसरशील. कारण जो जातो तो मागच्यांना विसरतो."

"व्याप्ती नाही."

"उदाहरण दे! गेला आणि विसरला नाही, असा एक दाखव."

पल्जोर आठवू लागला. मठ सोडून गेलेल्यांपैकी एकाचाही कधी निरोप आला नव्हता.

"मी नाही विसरणार," तो शेवटी म्हणाला.

"छा!" समोरचा अडकला की वादात ओरडतात तसा रिगझिन ओरडला. "जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून देतोस? दुसरा दे!"

जिंकलोच, असं त्याला वाटलं. पुढची टाळी द्यायला त्याने हात वर नेला.

"तू," पल्जोर म्हणाला.

"मी काय?"

"आईला सोडून आलास तेव्हा केवढासा होतास. मग सकाळी भाजलेल्या बार्लीचं, त्साम्पाचं पीठ मळलं की पहिल्या गोळ्याचा कुत्रा कशाला करतोस? कान मुरडून, वाटीच्या काठावर बसवून? आणि तो शेवटी खातोस."

आई करायची तसा. कोणाला दिसत नसेल असं रिगझिनला इतकी वर्षं वाटत होतं.

हात वरच राहिला. दुसऱ्या कोणाचीतरी टाळी डोंगरातून परत आली. मग रिगझिनने हात खाली घेतला आणि गार फरशीवर पल्जोरच्या शेजारी बसला. वादाच्या अंगणात तो बऱ्याच वर्षांनी बसत होता.

"मान्य," तो म्हणाला.

पल्जोरच्या खांद्याला खांदा लागला.

"तू तिकडे काय करशील पिठाचं?" रिगझिनने विचारलं.

"याक. कुत्र्याचे कान मला जमणार नाहीत."