काचवाल्याच्या पिकअपचा हौदा

मी एक जुना हौदा आहे. हत्तीच्या पाठीवरचा नव्हे हं, एवढं भाग्य कुठलं आमच्या कपाळी! पिकअप गाडीच्या मागे माल भरायचा जो उघडा भाग असतो ना, तो मी. म्हणजे होतो. आता माझा ट्रेलर झाला आहे. दोन चाकं, पुढे एक दांडा, आणि कुणी ओढलं तर जायचं. ना इंजिन, ना हॉर्न. तरीही मित्रांनो, आज मी बोलणार आहे, कारण सगळं मनात ठेवून ठेवून जीव नुसता कोंडला आहे.

माझा मालक काच बसवणारा कारागीर होता. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळं माझ्यातून जायचं. विटा वाहणारे हौदे धसमुसळे असतात. त्यांचं बरं असतं, कसंही वागा. मला ते परवडणारं नव्हतं. काच भरण्याआधी मालक माझ्या तळावरून तळहात फिरवायचा. एक खडा राहिला तरी अख्खी काच तडकते. लेक धंद्यात आली तेव्हा तिलाही त्याने आधी हेच शिकवलं. "ठमे, काचेच्या आसपास काही वाकडं चालत नाही. ना खडा, ना खिळा, ना माणूस!" गिऱ्हाइकं हसायची. माझी छाती मात्र अभिमानाने फुगायची.

पण दिवस सारखे राहत नाहीत. इंजिन बसलं. पुढच्या केबिनचा तळ गंजून त्याची पार चाळण झाली. मेकॅनिकने हात वर केले आणि आम्हाला अंगणात भिंतीशी लावलं. माझ्यात पालापाचोळा कुजला, मांजर व्यालं. कुणी ढुंकूनही बघेना.

बघायचा तो एकटा मालक. त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं. आधी गिऱ्हाइकांची नावं विसरला, मग बाजाराची वाट, मग आपण जेवलो की नाही तेही. दुपारी तो माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा. माझ्या डाव्या अंगाला एक पोचा होता. कधीकाळी त्यानेच मला मागे घेताना खांबाला ठोकलं होतं, आणि वर "खांबच मध्ये आला" म्हणून खांबालाच शिव्या घातल्या होत्या. त्या पोच्यात हात ठेवला की तो शांत व्हायचा. तिथे बसूनच दोन घास खायचा. लेकीला वाटायचं, सावलीत बसतात बाबा. तिचं तरी काय चुकलं? दुकान आणि घर दोन्ही ओढताना तिला उसंतच नव्हती.

एके दिवशी ती वेल्डरला घेऊन आली. "गाडी तर गेलीच आहे," ती म्हणाली, "हौदा तरी वाचवू. माझ्या कारमागे जोडता येईल. बाबांना केवढा आनंद होईल!"

वेल्डरने गॅसकटर लावला. माझ्या पुढचं सगळं भंगारात गेलं. जन्माच्या सोबत्यांचा निरोपही घेता आला नाही. वर्कशॉपमध्ये मला चाकांसाठी नवा आस आणि स्प्रिंगचे नवे पाटे बसले. गंज तिने स्वतः खरवडला, बोटं सोलवटून घेतली. पोच्यापाशी वेल्डर थांबला. "ताई, हा राहू द्या की. मालाला काय फरक पडतो?"

"छे हो! बाबांना असलं चालायचं नाही. त्यांनीच शिकवलंय मला."

तिने तो ठोकून सपाट केला, वर लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरली, घासली. जुना हिरवा रंग बाजारात मिळेना, म्हणून पांढरा मारला. खोटं कशाला बोलू, मीही हुरळलो होतो.

तिकडे घरी मालक कासावीस झाला होता. लेक वेल्डरला सांगायची, "गाडी कुठे गेली म्हणून सारखे विचारतात. फाटक सोडत नाहीत, ताटावर बसत नाहीत. हा एकदा घरी नेला की जेवतील."

मला घरी नेलं. मालक लगबगीने आला. माझ्याभोवती फिरला. डाव्या अंगावर हात ठेवला, तो घसरत पार टोकापर्यंत गेला. त्याने पुन्हा चाचपलं. मग हात मागे घेतला.

"छान आहे. कुणाची गं?"

"आपलीच, बाबा! आपल्या गाडीचा हौदा."

"काय चेष्टा करतेस ठमे! माझी गाडी मी ओळखणार नाही होय?"

लेकीचा चेहरा पडला. ती आत गेली, हातोडा घेऊन आली आणि जिथे पोचा होता तिथे तिने दणका घातला. रंग उडाला, लांबीचा टवका पडला. म्हातारा धावला. त्याने तिचा हात धरला. "अगं, लोकांची नवी वस्तू! खराब का करतेस? आपण काचवाली माणसं!"

हातोडा खाली टाकून ती तिथेच रडत बसली. तो आपला तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. ती का रडतेय, ते त्याला कळत नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. गंजत टाकू नका. ते दुःख मी भोगलं आहे. पण घासायला घेण्याआधी ती ज्याची आहे त्याला जवळ बोलवा. यातलं काय राहू देऊ, एवढं त्याला विचारा. तो नुसता हात ठेवून दाखवील, तेवढं पुरे.

आता रोज संध्याकाळी मालक येतो, माझं मागचं झाकण उघडतो आणि त्यावर बसून फाटकाकडे बघत राहतो. लेक ताट घेऊन येते. "बाबा, जेवता ना?"

"जेवतो गं," तो म्हणतो, "गाडी येऊ दे आधी."