बारा नंबरची खाट

"सात नंबर, ताट घे गं माय." किनवटच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या सरजाबाई अशी हाळी द्यायच्या. मुलींची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, खाटा राहत.

इतक्या वर्षांनी नांदेडच्या ऑफिसात, तिथंच राहून शिकलेल्या धम्मप्रियाला ती हाळी सकाळपासून ऐकू येत होती, आणि जीव एका जागी ठरत नव्हता. खुर्चीतून उठे, जिन्यापर्यंत जाई, परत येई. संस्थेची तीन वसतिगृहं: किनवट, हिमायतनगर, भोकर. रोज गोळ्या लागणाऱ्या मुलींच्या तीन डिक्शनऱ्या, म्हणजे किल्लीवार याद्या, तिनं पायथन या संगणकाच्या भाषेत एकीत ओतल्या होत्या. किल्ली म्हणजे खाटेचा नंबर; तिच्यापाशी मुलीचं नाव नि औषध. त्यावरून पाकिटं काल रवाना झाली. आणि आज किनवटहून फोन आला की बारा नंबरच्या सिंधूचं पाकीटच नाही. फिटच्या गोळ्या आजच्यापुरत्याच उरल्यात, गावातल्या दुकानात मिळत नाहीत.

चूक तिला लगेच दिसली. बारा नंबरची खाट किनवटलाही होती, भोकरलाही. त्याच किल्लीवर दुसरं नाव आलं की आधीचं पुसलं जातं. संगणक हूं की चूं करत नाही. वसतिगृहात पाहुणी आली तर एका खाटेवर दोघी निजतात. त्याला ते जमत नाही. तिनं किल्लीत गावाचं नाव जोडलं, तशी सिंधू यादीत परत आली. गोळ्या मात्र नांदेडातच होत्या.

ऑफिसचे प्रमुख शिवकुमार सर लातूरचे, माणूस मवाळ. त्यांनी चहा मागवला, तुमच्या मशीनला सवती नांदवता येईनात म्हणून थट्टाही केली. मग म्हणाले, आज शनिवार, गाडी आता सोमवारीच जाईल. धम्मप्रियानं पाकीट पर्समध्ये टाकलं. दुपारच्या रेल्वेनं मीच जाते, म्हणाली.

"अहो ताई, दोन दिवसानं काय व्हायलंय? इतकं काय मनाला लावून घ्यायलाव?"

ती दारात थांबली. या ऑफिसात लागल्यापासून रोज जेवण झालं की ती भिंतीकडं तोंड करून पाण्याचा घोट घ्यायची. कुणी विचारलं तर डोकं दुखतं म्हणायची. कळलं तर काम सुटेल, ही धास्ती.

"काय होतंय ते मला ठाव हाय, सर," ती म्हणाली. "मलाबी फिट येतात. ल्हानपणापासून."