मिस्तरींच्या मुद्दाम चुका

"आणि मग तो योना माशाच्या पोटात राहिला तीन आठवडे," मिस्तरी म्हणाले आणि बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, तोंडाकडे बघत थांबले.

बाई खिडकीकडे बघत होत्या.

"तीन दिवस हो, तीन दिवस!" शेजारच्या खाटेवरून टेलिफोनवाली आजी ओरडली. तिची सगळी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेलेली. दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्ये पडायची सवय काही सुटली नव्हती. "तीन आठवड्यांत मासा त्याला पचवून मोकळा झाला असता!"

"तुम्हाला कोणी विचारलंय?" मिस्तरी एकदम खेकसले.

खोलीतल्या चारही म्हाताऱ्या चिडीचूप झाल्या. रविवारी दुपारी म्हाताऱ्यांच्या त्या सेवागृहात तशीही फारशी जाग नसे. ज्यांना भेटायला कोणी यायचं ते येऊन गेलेलं असायचं, आणि ज्यांना कोणी नव्हतं त्यांनी वाट बघणं सोडून दिलेलं असायचं. मिस्तरी तेवढे न चुकता यायचे. उपासना आटोपली की सायकल घेऊन थेट इथे, खिशात दोन बिस्किटं आणि डोक्यात दोन गोष्टी. एक बायबलातली आणि एक हसायची. साऱ्या खोलीला त्या गोष्टींची चटक लागली होती. मिस्तरींनी आवाज चढवलेला मात्र आजवर कोणी ऐकला नव्हता.

"माफ करा आजी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमचं बरोबरच आहे. तीनच दिवस."

पण आजीने बरोबर सांगून त्यांना काय उपयोग? ती चूक बाईंसाठी होती.

बाईंनी छत्तीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना गोष्टी सांगितल्या. मिस्तरी पंपाचे मेकॅनिक. गोष्टींशी त्यांचा संबंध जेवणाच्या टेबलापुरता. पण पाहुणे आले की त्यांनाही बोलायची सुरसुरी यायची, आणि त्यांनी तोंड उघडलं की बाई मध्ये पडायच्या. "अहो, सोमवार नव्हता, मंगळवार होता." "अहो, पाच नव्हे, सात माणसं होती." चारचौघांत नवऱ्याचं असं माप निघायचं. एकदा तर मिस्तरी ताटावरून उठले होते. "जन्मात एकदा तरी माझं वाक्य पुरं होऊ दे!" म्हणाले होते. दोन दिवस अबोला. आता वाक्यामागून वाक्य पुरं होत होतं, आणि त्या माणसाला रडू यायचं.

आजार हळूहळू आला. आधी चष्मा सापडेना, मग घराचा रस्ता. मग एका पहाटे गॅस चालू राहिला आणि मुलगी म्हणाली, "पपा, आता तुमच्या एकट्याच्याने नाही व्हायचं." बाई इथे आल्या. सहा महिन्यांपूर्वी त्या आठवडाभर कोणाशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मिस्तरी नोहाचं तारू सांगत होते आणि बोलता बोलता बोलून गेले, वीस दिवस पाऊस पडला. बाईंनी वळून पाहिलं.

"चाळीस," त्या म्हणाल्या.

मिस्तरी त्या संध्याकाळी घरी जाताना सायकलवर मोठ्याने गात गेले. लोक बघत होते, बघू देत. त्या दिवसापासून ते दर रविवारी एक चूक ठरवून आणायचे. कधी शंभरातल्या एका मेंढराऐवजी दहा हरवायची, कधी दावीद गोल्याथाला गोफणीऐवजी काठीने मारायचा. आणि बाई दुरुस्त करायच्या. पुढे शब्द गेले, नुसतं बोट हलायचं. मग बोटही गेलं, भुवई तेवढी चढायची. गेले दोन रविवार भुवईसुद्धा हलली नव्हती. सिस्टर म्हणाल्या होत्या, "आशा ठेवा, पण फार नको." मिस्तरींना फार नकोच होतं. एक 'अहो' पुरे होतं.

योनाही वाया गेला तेव्हा त्यांनी हुकमाचं पान काढलं. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. ती दुरुस्त करू शकणारं माणूस जगात एकच होतं.

"आता हसायची ऐका," ते खोलीकडे वळून म्हणाले. "मी चोवीस वर्षांचा. चर्चचा पंप बिघडला म्हणून मला बोलावलेलं, तेही भर रविवारी. मी खाली तळघरात, वर बाळाचा बाप्तिस्मा. आणि पात्रात पाण्याचा थेंब नाही! पाळकसाहेब बिचारे वेळ मारून न्यायला प्रार्थना करत सुटले. 'प्रभू, आम्हा तान्हेल्यांना जल दे...' नेमका त्याच क्षणी मी खाली व्हॉल्व्ह उघडला."

"अगं बाई!" आजी म्हणाली.

"वरचा नळ उघडाच राहिलेला. असा फवारा उडाला की पाळकांचा चष्मा वाहून गेला! बाळ राहिलं कोरडं, पहिल्या रांगेतली रविवारच्या शाळेची नवी बाई मात्र नखशिखांत भिजली. मंडळी म्हणाली, चमत्कार!"

आजी डोळे पुसत हसत होती. भिंतीकडे तोंड करून निजलेली म्हातारीसुद्धा कुशीवर वळली.

"मग काय," मिस्तरी सावकाश म्हणाले. इथेच होती ती चूक, मुद्दाम ठेवलेली. "मी छाती पुढे काढून वर गेलो आणि त्या बाईला म्हटलं, माफ करा हं."

ते थांबले. एक्केचाळीस वर्षं बाई ही गोष्ट इथेच अडवत आल्या होत्या. 'अहो, खोटं सांगू नका. मी आले होते खाली. तुम्ही तर टाकीमागे लपला होतात!'

बाईंची नजर खिडकीवरच होती.

"धीराचे हो मिस्तरी तुम्ही," आजी कौतुकाने म्हणाली.

सगळ्यांनी मान डोलावली. मिस्तरींची गोष्ट आता खरी झाली होती. तिला खोटं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "खोटं सांगितलं मी. ती आली होती खाली. केसांतून पाणी गळत होतं. मी घाबरून टाकीमागे लपलेला. तिने शोधून काढलं आणि म्हणाली, 'मिस्तरी, चमत्कार जरा हळू करत जा.'"

बाईंनी मान वळवली. त्या मिस्तरींकडे बघत होत्या. परक्या पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीने.

"मग?" त्यांनी विचारलं. "केलं का हो तिने त्याच्याशी लग्न?"

मिस्तरी खाटेच्या कडेला टेकले.

"केलं," ते म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "नाहीतर एकटा पडला असता बिचारा."

आजीने तोंड फिरवलं. मिस्तरींनी बाईंच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि "हो ना," एवढंच म्हणाले.