एका कान्याची चूक

जमिनीचं नाव काढलं की निंगव्वाच्या तोंडून आधी 'न्हाय' बाहेर पडायचं, मग तिला कळायचं की कुणीतरी काहीतरी विचारलंय. त्यात तिची तरी काय चूक म्हणा! नवरा गेला तशी दिरांनी अक्कलकोटजवळची दीड एकर घशात घालायला घेतली. कुणी म्हणे इथं सही कर, कुणी म्हणे तिथं अंगठा दे. अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून बाईनं ती जमीन परत मिळवली, आणि त्या अकरा वर्षांत एकच धडा पाठ केला. समोरचा जमीन म्हणाला की आपण न्हाय म्हणायचं, बाकीचं मागनं बघू.

तर शनिवारी संध्याकाळी बाळीवेशीतल्या घरात ती कडक भाकऱ्या थापत बसली होती. दुसऱ्या दिवशी एका लग्नघरी पोचवायच्या होत्या. फोन वाजला तसा पिठाच्या हातानंच उचलला.

"नंदीशची आई का? पोलीस ठाण्यातनं बोलतोय. तुमच्या पोरानं मार्केटात टेम्पो लावण्यावरनं एकाला ढकललं. त्याचा हात मोडलाय. पोराला अटक केलीय."

"अय्यो यप्पा!"

"ओरडू नका, ऐका. जामीन देता का मावशी? सातबारा घेऊन या, लगेच सोडतो."

तिकडं ठाण्यातला गलका, इकडं स्टोव्हचा भर्राट. त्यात निंगव्वाचं घरचं बोलणं कानडी. कानडीतही जामीन आणि जमीन हे दोन शब्द असेच सख्ख्या बहिणींसारखे, आणि त्यातल्या एकाशीच तिची उभ्या जन्माची ओळख. तिनं 'जमीन' ऐकलं. वर सातबारा म्हटल्यावर तर शंकाच राहिली नाही. पोराला सोडायचं म्हणून जमीन मागतात, मुडदे!

"न्हाय," ती म्हणाली. "जीव गेला तरी देणार न्हाय. सांगा त्याला, आई न्हाय म्हणाली म्हणून."

"अहो, पोटचा पोरगा हाय की तुमचा."

"असू द्या. इल्ला म्हंजे इल्ला!"

आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, त्या रात्री तिला झोपही लागली. पोरगं हूड आहे, एक रात्र बसू दे आत, उद्या चार शिव्या घालून सोडतील, असा तिचा हिशेब. जमीन राहिली तर उद्या त्याच्याच उपयोगाला येणार की. एकदा गेली की गेली.

रविवारी संध्याकाळी, नंदीश चालवायचा त्या टेम्पोचा मालक दारात आला. नंदीशला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, त्याच्यासाठी कुणीच आलं नाही, म्हणून जेलात पाठवला, असं त्यानं सांगितलं. तेव्हा मात्र बाईचं धाबं दणाणलं.

सोमवारी सकाळी ती धावली मल्लिकार्जुन वकिलांकडं. वकील म्हटलं की तिला तेच ठाऊक, जमिनीचा दावा त्यांनीच जिंकून दिलेला. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला.

"निंगव्वा, मी दिवाणीवाला. वाटण्या, बांध, वारस. फौजदारीतलं मला किती कळतं? दाताच्या डाक्टरला बाळंतपणातलं कळतं तेवढं. कोर्टाच्या फाटकात कुणी हात धरून 'सोडवून देतो' म्हणेल, त्याच्या नादी लागू नको. रेश्मा वाघमोडेला गाठ. नातेपुत्याची पोरगी, जरा तोंडाळ हाय, पण रोज फौजदारीत उभी असती. मी धाडलं म्हणून सांग."

रेश्मा वकिलीणबाई कोर्टाच्या आवारात उभ्या उभ्याच चहा पीत होती. वय तिशीच्या आतबाहेर. सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवर दोन ठिकाणी बोलली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "मावशी, गुन्हा जामीनपात्र हाय. म्हंजे जामीन त्याचा हक्कच. शनिवारीच ठाण्यातनं घरी आला असता की. कुणी जामीन राहिलं न्हाय व्हय त्याला?"

"त्यांनी जमीन मागितली हो! अख्खी दीड एकर!"

"कुणी?"

"पोलिसांनी. सातबारा घेऊन या म्हणाले. मी न्हाय म्हणून सांगितलं."

रेश्माला आधी फसकन हसू आलं. मग निंगव्वाचं तोंड बघून तिनं चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"जमीन न्हाय मावशी, जामीन. ज ला काना. कुणीतरी उभं राहून म्हणायचं, हा पोरगा तारखेला येईल, न्हाय आला तर मला धरा. एवढंच. सातबारा नुसता दाखवायचा, म्हंजे कोर्टाला कळतं की ह्या माणसाकडं काहीतरी हाय, हा भरवशाचा हाय. पोरगा तारखांना येत राहिला की तुमच्या जमिनीचं ढेकूळसुद्धा हलत न्हाय."

"मग जामीन कोण राहणार?"

"तुमी की! तुमच्या नावावर सातबारा हाय. आईपेक्षा जवळचं कोण शोधताय?"

निंगव्वा तिथंच पायरीवर बसली. बाळीवेशीतनं ठाण्यात जायला रिक्षानं दहा मिनिटं. तो कागद ट्रंकेत वरच होता. दहा मिनिटांच्या कामासाठी आपण पोराला दोन रात्री चोरांत निजवला, ह्या विचारानं तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. रेश्मा तिला आधार कार्ड, फोटो, सातबारा असं काय काय आणायला सांगत होती, आणि ही नुसती मान हलवत होती.

मंगळवारी कोर्टात साहेबांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण?

"माझा मुलगा, साहेब."

"जामीन राहता?"

"व्हय," निंगव्वा म्हणाली. आणि कुणी पुन्हा विचारलेलं नसताना आणखी दोनदा म्हणाली, "व्हय साहेब, व्हय." कारकून गालात हसला.

संध्याकाळी नंदीश जेलच्या दारातनं बाहेर आला. चोवीस वर्षांचा गडी, तीन दिवसांत गाल बसलेले. आई पुढं झाली, त्यानं अंग चोरलं. रिक्षात बसल्यावर बराच वेळ तो रस्त्याकडंच बघत होता.

"भूक लागली असंल रे, मगा, माझ्या लेकरा."

"फोन स्पीकरवर होता अव्वा," तो म्हणाला. "मी समोरच उभा होतो. तू न्हाय म्हणालीस तसा हवालदार माझ्याकडं बघाय लागला. त्यालाच कसंतरी झालं. आत पोरं विचारत होती, तुला कुणी न्हाय का रं? मी म्हणलं, न्हाय."

निंगव्वाचा जीव गलबलला. पण तिला हायसंही वाटलं, कारण ह्याचं उत्तर तिच्यापाशी होतं. ती लागली घाईघाईनं सांगायला. स्टोव्हचा आवाज कसा होता, सातबारा म्हटल्यावर आपली समजूत कशी झाली, वकिलीणबाई कशी हसली. सांगता सांगता तिला स्वतःलाही थोडं हसू आलं. "मी जमीन ऐकलं रे! जामीन म्हणाले असं कळलं असतं तर अशी उठून पळत आले असते की न्हाय मी?"

नंदीशनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"म्हंजे तुला वाटलं, जमीन दिली तर मला सोडतेत."

"व्हय की! तेच तर सांगतेय..."

"आणि तू न्हाय म्हणालीस."

तुझ्यासाठीच राखली रे, असं तिला म्हणायचं होतं. खरंही होतं ते. पण आता ते कुठल्या तोंडानं म्हणणार?

स्टेशनपाशी त्यानं रिक्षा थांबवायला लावली. "कुर्डुवाडीला जातो, माझ्या दोस्ताकडं, युवराजकडं. त्याच्याजवळ राहतो जरा."

"आणि तारीख रे? एकवीसला तारीख हाय."

"येतो की तारखेला," तो उतरता उतरता म्हणाला. "तू जामीन हाईस न्हवं."

तो गर्दीत दिसेनासा झाला तरी ती तिकडंच बघत होती. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, मावशी, आता कुठं? तिनं बाळीवेस म्हणून सांगितलं. एकवीसला तो येईल, ह्याची तिला खात्री होती. घरी कधी येईल, हे तिनं विचारलंच नव्हतं, आणि तोही काही बोलला नव्हता.