होडीचं पाणी

समुद्राकाठच्या त्या बागेत जुन्या लाकडी होड्या जपून ठेवल्या होत्या. जपून म्हणजे काय, तर आठ होड्यांना रंग फासून फोटोपुरतं उभं केलं होतं; आत पाय टाकाल तर फळीतून आरपार जाल. नववी मात्र उद्या पाण्यात लोटली असती तरी तरली असती. ती मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. मिस्त्रींचं वय झालेलं, आणि त्यांच्या मागे तशी होडी बांधणारं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ही एक राहिली तर विद्या राहिली, एवढाच त्यांचा हिशेब.

रोज सकाळी ते किनाऱ्यावरून वीस बादल्या पाणी आणून होडीत ओतायचे. लाकूड सुकलं की आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. बघणारे हसायचे.

"अहो मिस्त्री, होडीतलं पाणी बाहेर काढतात!"

"आणि अक्कल आत घालतात," मिस्त्री म्हणायचे.

एके सकाळी ते बादलीसकट वाळूत कोसळले. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. इस्पितळात लेक उशाशी बसली होती. तिला एवढंच ऐकू आलं, "होडी... पाणी..."

"घालते बाबा. रोज घालते. तुम्ही घोर लावून घेऊ नका."

आणि घातलं हो तिने! स्वतःची नोकरी, घर, बापाचं आजारपण सांभाळून वर्षभर घातलं. जीभ सुटल्यावर मिस्त्री रोज विचारायचे, "घातलंस?" ती म्हणायची, "घातलं." कोणतं, हे विचारायचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. होडीचं पाणी म्हणजे समुद्राचं, हे त्यांच्या घराण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पोराला, बरं का. पोरीला कोण सांगतंय?

वर्षाने मिस्त्री काठी टेकत, लेकीचा हात धरून बागेत आले. होडीच्या कडेवरून हिरवा पाइप आत सोडलेला होता. त्याचं दुसरं टोक बागेच्या नळाला. मिस्त्री जागीच थबकले. मग वाकून त्यांनी तळाच्या फळीवर अंगठा दाबला. भिजलेल्या पावात जावा तसा तो आत गेला. दुसरी फळी, तिसरी फळी, तेच. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोड्यात कुजतं. चाळीस वर्षं टिकलेली होडी एका वर्षात गेली होती.

"एक दिवस चुकवला नाही बाबा," लेक कौतुकाची वाट बघत म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून घाबरली. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. जमलं नाही. "समुद्राचं घालायचं असतं, पोरी."

तिने पाइप होडीतून बाहेर ओढला. रडली नाही. म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. लहान होते तेव्हा. नळ जवळ असताना तुम्ही एवढ्या लांबून बादल्या का आणता, म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला काय करायचंय? जा, आईला मदत कर."

मिस्त्रींना ते आठवत नव्हतं. पण ते असं म्हणाले असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शंभरदा म्हणाले असतील. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बागेच्या साहेबांनी होडीत माती भरून फुलझाडं लावली. दिसायला छान दिसेल म्हणाले. मिस्त्री बाकावर बसून बघत होते. लेक जवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, झाडांना कोणतं पाणी घालतात?"

"नळाचं," मिस्त्री म्हणाले. "नळाचंच घाल."